‘गोरं करायची क्रीम दिली नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही लिहिलं की बहिणीच्या लग्नासाठी फॉर्म्युला क्रीम, म्हणजे ती झटपट गोरं करायची ट्यूब, मागितली, तर बाईनं गिऱ्हाइकांसमोर लेक्चर दिलं, साडेतीनशेची भलतीच ट्यूब गळ्यात मारली, आणि पहिले हीच बाई ती क्रीम विकत होती.

चार लोकांसमोर बोलले, ते चुकलंच. माफी मागते. विकत होते, हेही खरं.

कापूस वेचायला जाणारी एक पोरगी दर महिन्याला माझ्याकडून ती ट्यूब न्यायची. पंधरा दिवसांत उजळली, मग तिच्या मैत्रिणीही मागायला लागल्या. दिवाळीनंतर आली ती तोंडाला ओढणी बांधून. सोडली तर गाल लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर लव. चुलीपुढे बसवत नाही म्हणे. यवतमाळच्या स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. इतकी वर्षं विकली, पण ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. कातडी पातळ होते, आणि लावणं सोडलं की चेहरा आणखीच पेटतो. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत. माझं तर जनरल स्टोअर्स, मेडिकलही नाही!

बिनापत्त्याच्या, बाहेरदेशी डब्यांत तर पाराही निघतो. तो कातडीतून शिरून किडनीवर जातो.

तुम्हाला दिली ती नायसिनामाइडची. ती गोरं करत नाही. डाग फिकट करते, तेही दोन-तीन महिन्यांनी. लग्न वीस दिवसांवर होतं, तेव्हा हे आधी सांगायला पाहिजे होतं. आपल्याकडच्या उन्हात सनस्क्रीन आणि दुपट्टा नसेल तर तिचाही उपयोग नाही. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ देऊ नका बाप्पा, चट्टे उठतात.

ट्यूब फोडली असली तरी आणा, पूर्ण पैसे परत देते. बहीण आधीपासून फॉर्म्युला क्रीम लावत असेल तर मनानं एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा. मंगळवारी बाजार असतो, त्या दिवशी गर्दी असते. बाकी दिवशी दुपारी या, निवांत बोलू. कोणासमोर नाही.