आमेन होईपर्यंत भरीत

प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' अशी एक ओळ आहे. शाळकरी पोरं ती मार्च महिन्यात जरा जास्तच कळवळून म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत, हे मोठं झाल्यावर कळतं. खानदेशात ही परीक्षा नाताळच्या सुट्टीत, दुपारी सव्वा वाजता होते. प्रश्नपत्रिका ताटात वाढलेली असते आणि पर्यवेक्षक असतात नाना.

नाना प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबात असतातच. कुठे ते थोरले मामा असतात, कुठे निवृत्त मास्तर, तर कुठे खुद्द पाळकसाहेब. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच करायची, हे कोणी ठरवलेलं नसतं आणि कोणी बदलूही शकत नाही. 2026 मध्ये नाताळ शुक्रवारी येतोय. शनिवार-रविवार धरले की तीन दिवस आणि सहा मोठी जेवणं. सुरतेचे पाहुणे ताप्ती लाइनच्या गाडीने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत उतरतात, सलाम-सलाम होतो आणि पहिला प्रश्न येतो, "भरीत कधी?"

पंचवीस तारखेला काळ्या मसाल्याचं मटण असतंच. त्याची मला फारशी काळजी नाही. मटण थांबतं, थांबल्यावर उलट मुरतं. खरी कसोटी शनिवारच्या भरिताची. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, आणि वांगी जळगावची, फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची. त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या लेखी ते आधीपासूनच होतं, सरकारला उशिरा कळलं एवढंच. वांगं घेताना हातात तोलून बघावं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी. जड, निबर वांग्याचं भरीत कडसर लागतं आणि दातात बिया कचकचतात.

वीस माणसांना पाच किलो वांगी धरावीत, कारण भाजून सोलल्यावर बराच ऐवज निघून जातो. वांग्यांना तेलाचा हात लावायचा, दोन-चार ठिकाणी टोचे मारायचे आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर सगळ्या बाजूंनी भाजायचं. टोचे विसरलात तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि निम्मा गर राखेत जातो. हिरव्या मिरच्याही त्याच जाळावर भाजून घ्यायच्या, किलोला दहा-बारा. सुरतेचे पाहुणे असतील तर आठ. साल हातानेच काढायची. चटका बसतो म्हणून नळाखाली धरलंत तर धुराचा वास मोरीत आणि पाणचट गर ताटात. मग मिरच्या, लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांसाठी वेगळी प्रार्थना करावी लागेल. फोडणीत तेल सढळ हाताने, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी, म्हणजे चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद आणि दळतानाच घातलेलं मीठ.

हे सगळं ताटात आलं की आजी हाक मारते, "चाला रे, जेवाले बसा, भरीत गार व्हयी राह्यनं!" सगळे बसतात. नाना डोळे मिटतात.

साधी भोजनप्रार्थना वीस सेकंदांची असते. अन्नाबद्दल उपकार, रांधणाऱ्या हातांना आशीर्वाद, उपाशी असलेल्यांची आठवण, येशूच्या नावाने, आमेन. नाना मात्र आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरू करतात. मग सरत्या वर्षातलं संरक्षण, आजारी माणसं नावानिशी, कोणाची बदली, कोणाचं लग्न, कपाशीचा भाव, राज्यकर्त्यांना सुबुद्धी. 'येशूच्या नावाने' असं ऐकून सगळे पुढे सरकतात, तेवढ्यात 'आणि हे पित्या' येतं. अनुभवी लोक पहिल्या 'येशूच्या नावाने'वर हलत नाहीत.

इकडे ताटात काय चाललेलं असतं? पुरीतली वाफ निवते आणि तिची टोपी बसते. कळण्याची भाकरी वातड होते. मीठ पातीतलं पाणी ओढून काढतं आणि भरिताच्या कडेने ओघळ सुटतो. यावर उपाय आहे. मीठ आणि पात आधी घालायचीच नाही. नाना आजाऱ्यांच्या यादीवर आले की स्वयंपाकघरात राहिलेल्या सुनेने मीठ टाकायचं, बदल्यांवर आले की पात, आणि राज्यकर्ते आले की शेवटचा घाणा तेलात. अर्थात यासाठी सुनेला डोळे उघडे ठेवून प्रार्थना करता यायला हवी.

डोळ्यांचं म्हणाल तर, पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालताना प्रभूने वर आकाशाकडे पाहून आशीर्वाद दिला असं मत्तय, मार्क आणि लूक हे शुभवर्तमान लिहिणारे तिघेही सांगतात. तेव्हा डोळे उघडे ठेवले म्हणून पोरांना चापट मारणाऱ्यांनी शास्त्र बघावं. योहान तर सांगतो की त्या पाच भाकरी जवाच्या होत्या. शिळ्या होत्या की ताज्या, हे कोणीच लिहिलेलं नाही.

जिभेपायी फसलेल्यांची बायबलमध्ये रांगच लागली आहे. एसावाने भाकर आणि मसुरीच्या वरणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकला. मसुरीच्या वरणापायी! समोर भरीत असतं तर त्याने काय काय विकलं असतं, कोण जाणे. इस्राएल लोकांना रानात रोज फुकट मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळत होता, तरी ते मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या काकड्या, कांदे आणि लसूण आठवून रडले. उपदेशात त्यांना नेहमी कृतघ्न म्हणतात. पण लसणावाचून दिवस काढणं म्हणजे काय, ते खानदेशी माणसालाच विचारावं.

नानांना सुचवायचं असेल तर मत्तयाचा सहावा अध्याय काढू नका. व्यर्थ बडबड करू नका, हे वचन त्यांना पाठ आहे आणि त्यावर ते पाऊण तास बोलू शकतात. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हेही नको, कारण गार भरीत ही त्यांच्या मते एक स्थितीच आहे. त्यापेक्षा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा आठवा अध्याय, दहावी ओवी काढावी. पोटभर जेवून तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद कर, असं तिथे सांगितलंय. यहुदी लोक आजही तसंच करतात, भाकरीआधी एका ओळीची स्तुती आणि लांबलचक उपकारस्तुती जेवणानंतर. जुन्या कराराचा आधार दिला की नाना नमतात.

पण जेवणानंतरची प्रार्थना लावायची तर झोप आड येते. कळण्याची दीड भाकरी, वर ताक, आणि डिसेंबरचं कोवळं ऊन ओसरीत. 'आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे' हे गेथशेमाने बागेत झोपलेल्या शिष्यांना उद्देशून होतं, आणि त्यांनी तर भरीतही खाल्लेलं नव्हतं. नाना निर्मितीपासून सुरू करतात, आजाऱ्यांपाशी आवाज खोल जातो, सुरतेच्या पाहुण्यांपाशी थांबतो. मान छातीवर. आमेन म्हणावं की नाही, कोणालाच कळत नाही. सगळे डोळे मिटूनच बसलेले.

शेवटी आजी हळूच विचारते, "रातले काय करानं?"

नाना डोळे न उघडता सांगतात, "शेवभाजी."