उंदराचे औषध खाल्लेला कुत्रा : ‘दोन दिवस गेले म्हणजे वाचला’ या संदेशाबाबत खुलासा

पुण्यातील श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक संदेश सांगतो, की उंदराचे औषध खाल्लेल्या कुत्र्याला दोन दिवसांत रक्तस्राव झाला नाही तर धोका टळला, आणि खबरदारी म्हणून त्याला पालकाची भाजी उकडून घालावी. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ब्रोमॅडिओलोनसारखी उंदीर मारण्याची औषधे यकृतात व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येण्याची क्रिया अडवतात, आणि त्याशिवाय रक्त गोठवणारे नवे घटक तयार होत नाहीत. पण आधीचे घटक संपेपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ५ दिवस, कुत्रा शेपूट हलवत जेवत असतो. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, आणि रक्त पुष्कळदा छातीत किंवा पोटात साचत असल्याने बाहेर थेंबही दिसत नाही. या घटकांपैकी ‘सातवा’ म्हणून ओळखला जाणारा घटक सर्वांत आधी संपत असल्यामुळे ४८ ते ७२ तासांनी केलेल्या प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या) चाचणीत हा बिघाड लक्षणांपूर्वीच कळतो.

उपचार व्हिटॅमिन के-१ चाच, बहुधा ३ ते ४ आठवडे, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी पुन्हा चाचणी. पालक त्याची जागा घेऊ शकत नाही. के-३ हा व्हिटॅमिन के चा कृत्रिम प्रकारसुद्धा नाही. औषधाचे फाटके का होईना, पाकीट दवाखान्यात न्यावे, कारण त्यावर झिंक फॉस्फाइड हे वेगळ्या प्रकारे काम करणारे उंदराचे विष लिहिलेले असेल तर के-१ चा काहीच उपयोग नसतो.