कपट सिद्ध होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी

घरकर्जाच्या गहाणखतात फेरबदल करणारा पुरवणी करार बँकेने कपटाने करवून घेतला, असे आपणांस कधीकाळी न्यायालयात सांगावयाचे असेल, तर त्याची तयारी सहीच्या दिवसापासूनच करावी. शाखेतील साहेब "व्याज अर्ध्या टक्क्याने उतरते आहे, बाकी सगळे पूर्वीचेच" असे म्हणाले, की ते लेखी मागण्याचा उद्धटपणा करू नये. पेन्सिलने जिथे फुल्या मारलेल्या असतील तिथे सह्या कराव्यात, आणि "सर्व मजकूर मला मराठीत वाचून दाखवला व समजला" या शेवटच्या ओळीखाली तर विशेष वळणदार सही करावी. आपल्या सदनिकेवर आता मेव्हण्याच्या कॅश क्रेडिट खात्याचाही (म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तशी उचल घेण्याच्या कर्जखात्याचाही) बोजा चढला आहे, हे त्याच मजकुरात कुठेतरी मध्ये असते. कराराची प्रत मागू नये. साहेबांना झेरॉक्सचा त्रास होतो.

यथावकाश मेव्हण्याचे खाते थकते आणि, न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याची मुभा बँकेला देणाऱ्या, सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते. वादपत्रात तेव्हा "घोर फसवणूक" हे शब्द सढळ हाताने वापरावेत. कोण, केव्हा, नेमके काय खोटे बोलले, याचा तपशील दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6, नियम 4 मागतो खरा, पण तारखांनी भाषेचा ओघ बिघडतो. सरफेसीच्या कलम 34 ने दिवाणी न्यायालयाचे दार लावून घेतले असले, तरी मार्डिया केमिकल्स खटल्यात (2004) सर्वोच्च न्यायालयाने कपटाच्या आरोपापुरती फट ठेवली आहे. तिच्यातून नुसते विशेषण आत जात नाही, हे पुढे कळतेच.

खरी मौज करार अधिनियम, 1872 मध्ये आहे. कलम 17 प्रमाणे कपट ठरण्यासाठी, बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, हे दाखवावे लागते. आणि साहेबांनीही तो करार आपल्याइतकाच वाचलेला असल्यामुळे ते निरागसपणे खोटे बोलले, असे निष्पन्न होण्याचा धोका असतो. मग उरते कलम 18 मधले साधे चुकीचे कथन, आणि तिथे कलम 19 विचारते, की सामान्य दक्षता बाळगून आपणांस सत्य शोधता आले नसते काय. उत्तरादाखल बँकेचे वकील ती वळणदार सही दाखवतात.

लेखी करारापुढे फसवणुकीपुरता तोंडी पुरावा चालतो, म्हणून मेव्हण्यालाच साक्षीदार करावे. त्या दिवशी टेबलाशी तोही बसला होता, आणि मजकूर त्याला आधीपासून ठाऊक होता.

कपट कळल्यापासून 3 वर्षांत दावा आणावा लागतो. तोवर उतरलेल्या दराने हप्ते भरत स्वस्थ बसावे, म्हणजे सारे समजूनही करार मान्यच केला, असे म्हणण्याची सोय बँकेला आयती मिळते. एवढे करूनही करार रद्द झालाच, तर कलम 64 नुसार त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो, आणि त्या अर्ध्या टक्क्याचा पैन्‌पैचा हिशेब बँकेकडे मात्र लेखी असतो.