मामाचा रणगाडा

परदेशातून येणाऱ्या मामाने चॉकलेटं आणावीत, बदाम आणावेत, फार तर सेलमध्ये घेतलेला टी-शर्ट आणावा. आमच्या चिरंजिवांच्या मामाने न्यू जर्सीहून रणगाडा आणला. रिमोटवर चालणारा, खाली रबरी पट्टे, वर फोमचे बाण सोडणारी तोफ आणि तोफेच्या बगलेत कॅमेरा. कॅमेऱ्याला जे दिसतं ते रिमोटवरच्या चिमुकल्या पडद्यावर आपल्याला दिसतं. म्हणजे शत्रू हॉलमध्ये आणि सेनापती स्वयंपाकघरात, चहा पीत. खोक्यावर 'वय 8 आणि पुढे' असं छापलं होतं. किती पुढे ते न लिहिल्यामुळे मी पात्र ठरलो.

"चिनू शाळेतून यायच्या आत चालतंय का बघून ठेवा," असं सांगून ही लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत मीटिंगला बसली.

पहिली लढाई चार्जरशी. त्यावर मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं, इनपुट 120 व्होल्ट. आपल्या भिंतीत 230. मोबाइलचे चार्जर बिचारे 100 ते 240 काहीही पचवतात. या साहेबांना मात्र अमेरिकेचंच पाणी लागतं. समोरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "लाव की. एकदाच लागेल." शेवटी माळ्यावरून ट्रान्सफॉर्मर काढला. कुणा नातलगांनी पूर्वी अमेरिकेहून मिक्सर आणला होता, त्याच्या पाठराखणीला तो आला होता. मिक्सर केव्हाच गेला, पाठराखीण राहिली. उचलताना कमरेतून कळ यावी इतकं वजन, आणि चालू केल्यावर नाराजीचा एकसुरी गुणगुणाट. त्याच्या देखरेखीखाली रणगाडा दुपारपर्यंत वीज पीत पडला.

रिमोटला पेन्सिल सेल लागतात, आणि सेलच्या झाकणाला स्क्रू. पोरांनी सेल काढून तोंडात घालू नयेत म्हणून ही सोय. उत्तम आहे, पण तो स्क्रू घरातल्या प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा एक नंबर लहान का असतो? देवघरातली वात सारायची काडीसुद्धा लावून पाहिली. आईने ती हातातून काढून घेतली. मग चिनूच्या कंपासपेटीतल्या करकटकाने काम झालं.

फोमच्या खेळण्यांचा पूर्वेतिहास तसा सज्जन. 1970 च्या सुमारास अमेरिकेत पार्कर ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने नर्फ नावाचा फोमचा चेंडू काढला, तो घरातल्या घरात खेळता यावा आणि दिवे-काचा फुटू नयेत म्हणून. पुढे वीस-बावीस वर्षांत त्याच घराण्यात बाण सोडणाऱ्या बंदुका निपजल्या. आमचा रणगाडा त्या घराण्यातला नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. पण काच फुटत नाही हे संस्कार त्याच्यावरही झालेले दिसले. बाकी सगळं पडतं.

चालवायला दोन दांडे. डावा दांडा डाव्या पट्ट्याचा, उजवा उजव्याचा. रणगाडा आपल्याकडे पाठ करून जातो तोवर आपण चक्रव्यूह भेदणारे. तो आपल्याकडे वळला की डावं-उजवं उलटतं आणि आपला अभिमन्यू होतो. म्हणून पडद्यात बघून चालवावं, तर चित्र किंचित उशिरा येतं. पडद्यावर टीपॉय चांगला हातभर लांब होता, तेव्हा प्रत्यक्षात रणगाडा टीपॉयच्या पायावर चढायला बघत होता. तेवढ्यात आईने मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं. मायक्रोवेव्ह, वायफाय आणि आमचा रणगाडा, तिघांच्याही लहरींचा संसार 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास; एकाचा आवाज चढला की बाकीच्यांचा दबतो. चित्र गोठलं. आतून हिचा आवाज आला, "अहो, माझी मीटिंग अडकतेय, तुम्ही काय करताय?" मी संरक्षण खात्याला शोभेल असं मौन पाळलं.

मग तोफ. बटण दाबलं की आतली दोन चाकं एकमेकांच्या उलट गरगरतात; बाण त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत शिरतो, चेपला जातो आणि पुढे भिरकावला जातो. पण चाकांना वेग यायला क्षणभर लागतो आणि तेवढा वेळ मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट चालल्यासारखा आवाज होतो. गनिमी काव्याला हे यंत्र निरुपयोगी. आईने आवाज ऐकला, मटाराची परात उचलली, "सोड आता," म्हणाली आणि खुर्ची बदलली.

मॅगझिनमध्ये, म्हणजे तोफेच्या भात्यात, 18 बाण. मिनिटभरात खलास. बाण असतो सात सेंटिमीटर लांब, सव्वा सेंटिमीटर जाड, वजन नाहीच्या बरोबर. म्हणजे कपाट, फ्रिज, शोकेस आणि दिवाण यांच्या खाली जाण्यासाठीच बेतलेला. लढायला कॅमेरा, मोटर, रिमोट. वेचायला मात्र मी, पालथा, हातात फूटपट्टी. ज्याने हे यंत्र काढलं त्याच्या घरी बाण कोण वेचतं, हे एकदा विचारायला हवं.

दिवाणाखाली पट्टी पोचेना, म्हणून मी रणगाडाच आत घातला. पुढे छोटा दिवा आहे, तो लावला. मीटिंग संपवून ही माझ्या खांद्यावरून पडद्यात बघायला लागली. तिथे बाण होते, शिवाय गणपतीत हरवलेली झांज, गॅसची जुनी पावती, टीव्हीच्या रिमोटचं झाकण आणि वर्षानुवर्षं निवांत साठलेली धूळ.

"दर रविवारी दिवाणाखालून तुम्ही झाडता ना?"

मी दांडे मागे ओढायला गेलो आणि गडबडीत पुढे ढकलले. रणगाडा पुढे गेला. धूळ आणखी जवळून, आणखी स्पष्ट दिसली.

"आणा इकडे," म्हणून तिने रिमोट घेतला. दिवाण झाला, शोकेस झाली, कपाटाखाली तर ती चांगलीच रेंगाळली. आई शेजारी बसून दिशा दाखवत होती, "त्या कोपऱ्यात जरा घे गं, तिथे माझी जपमाळ असेल." चिनू दप्तरासकट दारात उभा राहिला तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता.

"आई, तो माझा आहे!"

"हात-पाय धू आधी," पडद्यावरची नजर न काढता ही म्हणाली. "आणि बाबांच्या हातातली पट्टी घे. माझा फ्रिज राहिलाय अजून."