‘छावा’ आणि ‘चॅव’: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की ‘चॅव’ या, गरीब पोरांना हिणवणाऱ्या इंग्रजी शिवीचा ‘छावा’शी मी माझ्या लेखात लावलेला संबंध निव्वळ उच्चारसाम्यावर उभा आहे, आणि तो शब्द खरं तर ‘काउन्सिल हाउस अँड व्हायोलंट’ (नगरपालिकेच्या घरात राहणारा आणि हिंसक) याची आद्याक्षरं जोडून झाला आहे.

आद्याक्षरांचं आधी. मूल या अर्थाचा ‘चॅव्ही’ इंग्लंडच्या बोलीत एकोणिसाव्या शतकातच सापडतो. नगरपालिकांची भाड्याची घरं तिथे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती १९१९च्या कायद्यानंतर. म्हणजे ही फोड मागाहून जुळवलेली.

उच्चारसाम्याबद्दलचा संशय मात्र रास्त आहे. कानाला सारखे लागले म्हणून शब्दांचं नातं ठरत नाही. पण इथे आधार अख्ख्या भाषेचा आहे. ‘चॅव’ रोमा लोकांच्या, म्हणजे भारतातून युरोपात गेलेल्या भटक्या समाजाच्या, रोमानी बोलीतून आला असं बहुतेक कोशकार मानतात, आणि रोमानी आपल्याच भाषाकुळातली आहे, हे रूडिगर या जर्मन अभ्यासकाने १७८२ सालीच मांडलं. युरोपातल्या रोमानीत जुने घ, ध, भ हे ख, थ, फ होतात, आणि तेही नेमाने: घराचं ‘खेर’, धूमचं ‘थुव’, भ्राताचं ‘फ्राल’. याच ‘फ्राल’चा इंग्लंडमध्ये दोस्त या अर्थाचा ‘पॅल’ झाला. ‘छ’ला या बदलाची झळ लागली नाही. संस्कृत शाव, पाली छाप, प्राकृत छाव. मग इकडे छावा, तिकडे ‘छावो’. रोमानीतले आकडे मोजून पाहा: येक, दुई, पांज, देश. मधले सात-आठ-नऊ तेवढे ग्रीक, एफ्ता, ओख्तो, एन्या. ही माणसं कुठून कुठे गेली ते आकड्यांतच उमटलंय!

माझी एक चूक मान्य करतो. लेखाचं शीर्षक ‘लंडनमधला मराठी शब्द’ होतं, ते आज बदललं. मराठीने इंग्रजीला इथे काही दिलेलं नाही. छावा आणि छावो ही चुलत भावंडं आहेत.

पण मी हा लेख लिहिला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. रोमानीत ‘छावो’ म्हणजे आपला मुलगा, रोमा मुलगा. परक्याच्या मुलाला ‘राक्लो’ हा वेगळा शब्द आहे. १५३० साली इंग्लंडच्या संसदेने याच रोमा लोकांना देशाबाहेर काढायचा कायदा केला. आणि २००४मध्ये, त्यांनी आपल्या लेकराला मारायची हाक तिथल्या वर्तमानपत्रांत गरीब पोरांना हिणवायला सर्रास छापली जात होती.