इथेच घोडं पेंड खातंय

मंडळाच्या गणपतीला बायको पैठणी नेसून, डोक्यात गजरा माळून (खोटा, मिशिगनात मोगरा कुठला) आमच्या गाडीतून उतरली, हॉलमध्ये गेली, आरतीला उभी राहिली आणि 'सुखकर्ता' सुरू व्हायच्या आत पुढच्या काकू मागे वळून म्हणाल्या, "अगं, कुणी रॉकेल सांडलंय का इथे?"

रॉकेल नव्हतं. आम्ही होतो.

गाडी म्हणजे १९६७ची फोर्ड मस्टँग. २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन, आपल्या भाषेत ४.७ लिटर, आणि कागदोपत्री दोनशे घोडे. चासी नंबरात एफ आहे, म्हणजे ती डिअरबॉर्नच्या कारखान्यात जन्मली, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हणजे पोरगी गावातलीच. आता इथले जाणकार लगेच सांगतात की मस्टँग ही मसल कार नाहीच, मसल कार म्हणजे १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ आणि तिच्यामागून आलेली दांडगी भावंडं, मस्टँगला 'पोनी कार' म्हणतात. पोनी म्हणजे तट्टू. एवढे पैसे घालून मी तट्टूवाला झालो. असो.

तर परत येताना बायको म्हणाली, "मागून येतोय वास."

मी तिला समजावलं. अगं, गाडी पुढे जाते, हवा मागे जाते, इंजिन पुढे आहे, कार्बोरेटर जुना झालाय, तो पेट्रोल गाळतो, तो वास हवेबरोबर मागे येतो आणि म्हणून तुला वाटतं मागून येतोय. सायन्स आहे. ती काही बोलली नाही, खिडकीचं हँडल फिरवत काच खाली घेतली. तेवढ्यात आईचा फोन आला, बायको म्हणाली, "काही नाही हो आई, गाडीत गॅसचा वास येतोय," तर आई तिकडून कऱ्हाडहून ओरडली, "आधी रेग्युलेटर काढ! लाइटचं बटण दाबू नकोस!"

त्या रात्रीच मी फ्युएल इंजेक्शनचं किट मागवलं. कार्बोरेटर काढायचा, त्याच जागी हे बसवायचं, कॉम्प्युटर त्यातच, वास गेला. खोक्यावर लिहिलं होतं की एका वीकएंडला बसतं. कुठल्या सालातल्या वीकएंडला ते लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकायला लागतात, म्हणजे जुनी गाडी गंजू नये म्हणून एप्रिलपर्यंत गॅरेजमध्येच. म्हटलं, हाताशी अख्खा हिवाळा आहे. पहिल्याच शनिवारी कार्बोरेटर काढला आणि बघतो तर माझा मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो भाग) दोन भोकांचा आणि सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली इंजेक्शनची बॉडी चार भोकांची. आता मॅनिफोल्ड आला. मॅनिफोल्ड काढायचा तर डिस्ट्रिब्युटर काढा, पाणी काढा, गॅस्केटं आणा. आणि तिथे माझ्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य निघालं ज्याने मराठी माणसाची घरं, किचनं आणि बाथरूमं आजवर बुडवलीयेत: "आता उघडलंच आहे तर..."

मग पंप. जुना पंप इंजिनच्या अंगाला लागून असतो, इंजिन त्याला हलवतं, पाच-सहा पीएसआय प्रेशर देतो, गरीब बिचारा. इंजेक्शनला लागतं अठ्ठावन्न. म्हणजे इलेक्ट्रिक पंप, तोसुद्धा टाकीच्या आत, कारण पेट्रोलमध्ये बुडून राहिला की थंड राहतो आणि बाहेर लावला की तापतो आणि कण्हतो. म्हणजे टाकीच नवी. आणि इथे मला त्या गाडीबद्दल एक गोष्ट कळली जी कळली नसती तर बरं झालं असतं. या गाडीची टाकी खालून टांगलेली नसते, डिकीच्या तळाला एक चौकोनी भोक असतं, त्यात टाकी वरून सोडलेली असते, आणि टाकीचा माथा हाच डिकीचा तळ. म्हणजे इतकी वर्षं आम्ही किराणा, मुलाची सायकल आणि एकदा तर चक्क मंडळाच्या समया थेट पेट्रोलच्या टाकीवर ठेवून नेल्या होत्या. चंद्रावर माणूस पाठवायच्या दोन वर्षं आधी याच देशाने ही गाडी बनवलीये, सांगून खरं वाटत नाही.

टाकी बदलली. कडेचे स्क्रू गंजलेले, त्यातले निम्मे ड्रिलने काढले, खालचं खळीसारखं चिकट सीलंट अजून माझ्या एका स्वेटरला आहे. नवी टाकी, पंप, जायची लाइन, परत यायची लाइन, फिल्टर, सगळं नवं. टाकीला पेट्रोल भरायच्या तोंडाशी जोडणारा चार बोटांचा रबरी होज तेवढा किटमध्ये नव्हता. जुना वरून दाबून बघितला, बरा वाटला, ठेवला. बाकी लाइनसाठी पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा होज आणला होता, तो अठ्ठावन्न पीएसआयला असा काही घामाघूम झाला की मी किल्ली बंद करून अग्निशामक नळकांडं हातात धरून दहा मिनिटं नुसता उभा होतो. हाय प्रेशरचा होज वेगळा असतो आणि महाग असतो, हे ज्ञान मला गॅरेजच्या फरशीने दिलं.

आता एक्झॉस्ट. तुम्ही म्हणाल वासाचा आणि सायलेन्सरचा काय संबंध. मीही म्हणालो होतो. तर इंजेक्शनचा कॉम्प्युटर धुराचा वास घेतो, धुरात ऑक्सिजन किती ते बघून पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यासाठी सेन्सर लागतो आणि सेन्सरला पाइपात भोक पाडून बूच वेल्ड करावं लागतं. पाइप कापायचाच आहे तर... हो, तेच वाक्य. तर हेडर्स टाकू. म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणारे लोखंडाचे ठोकळे काढून त्याजागी लांब लांब नळ्यांचा गुच्छ, प्रत्येक सिलिंडरला आपली स्वतंत्र नळी, पुढे जाऊन चार-चारांची युती.

या गाडीच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे पत्र्याचे बुरूज आहेत आणि त्या दोन बुरुजांमध्ये व्ही-एट म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला पैलवान. त्यात हेडर्स घालायचे. उजवीकडचा गेला. डावीकडे स्टीअरिंगचा बॉक्स आडवा, तिथे घोडं पेंड खायला लागलं. वरून घातला, खालून घातला, तिरका करून घातला, बायकोला टॉर्च धरायला लावून घातला (संसाराची परीक्षा बघायची असेल तर नवरा-बायकोपैकी एकाच्या हातात टॉर्च द्यावा). शेवटी इंजिनची माउंटिंगं सोडली, ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने अख्खं इंजिन दोन इंच वर उचललं आणि तेव्हा कुठे ती नळकांडी आत गेली. स्पार्क प्लगला मात्र पाना जाईना. एका प्लगचं रबरी टोपण हेडरला टेकलं आणि पहिल्याच चाचणीत वितळून त्याची काळी चिक्की झाली.

आवाज मात्र काय सांगू. त्या व्ही-एटमध्ये दोन्ही बाजूंची सिलिंडरं एकाआड एक पेटत नाहीत, क्रम आहे १-५-४-२-६-३-७-८, त्यामुळे एकाच बाजूला कधी दोन धडाके लागोपाठ तर कधी मध्ये गॅप, म्हणून ती अशी गडगडत, अडखळत बोलते, जणू पान खाल्लेला पैलवान. मी सुरुवातीला वायरींचा क्रम चुकवला होता तेव्हा तर तिने गॅरेजमध्ये असा एक सुतळी बॉम्ब फोडला की समोरच्यांचा कुत्रा संध्याकाळपर्यंत जेवला नाही. सोसायटीचं पत्र आलं. अत्यंत सभ्य भाषेत. अमेरिकन लोक जितके चिडतात तितके सभ्य होतात.

आणि वास? वाढला! कारण हेडरचं एक गॅस्केट लीक होतं, फटीतून बाहेरची हवा आत, सेन्सरला वाटलं ऑक्सिजन फार, पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर म्हणाला बिचारं इंजिन उपाशी आहे, अजून वाढा. अगदी आमच्या आजीसारखा. नको नको म्हटलं तरी ताटात पोळी.

गॅस्केट बदलून होतंय तोवर एप्रिल संपला आणि मग खरी गंमत सुरू झाली. वायरिंग.

पंप, कॉम्प्युटर, पंखा एवढ्यांना करंट पुरवायला जुना बेचाळीस अँपचा अल्टरनेटर पुरेना, म्हणून एकशेतीस अँपचा आणला. तो जुन्या वायरीला जोडला तर वायर जळते, म्हणून करंगळीएवढी जाड केबल आणि तिला भलामोठा फ्यूज. इतकं शहाणपण मी दाखवलं. आणि मग कॉम्प्युटरला की-चा करंट द्यायला मला सगळ्यात सोपी जी वायर दिसली, इग्निशन कॉइलची, तिथून दिला.

गाडी स्टार्ट व्हायची. मस्त व्हायची. आणि की सोडली की बंद पडायची. की फिरवलेली धर, चालतेय. सोड, बंद. पुन्हा. तीन आठवडे. शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक. त्यांनी फोनवर इंजिन बघितलं, बराच वेळ बघितलं, म्हणाले, "एवढी नळकांडी कशाला रं?" मग म्हणाले, "अर्थिंग बघ. गाडीत काय बी झालं तर आधी अर्थिंग." मी इंजिनपासून बॉडीपर्यंत चार ठिकाणी जाड अर्थ दिले, घासून, पॉलिश करून. गाडी स्टार्ट. की सोडली. बंद. बाबा म्हणाले, "मग अजून एक दे."

दोष निघाला एका गुलाबी वायरीत. डॅशबोर्डच्या मागे एक गुलाबी वायर असते, दिसायला साधी, पण ती वायर नसून रेझिस्टन्स आहे, जुने पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉन्टॅक्ट) जळू नयेत म्हणून कॉइलला मुद्दाम कमी व्होल्टेज देते. फक्त स्टार्टर फिरत असताना तिला वळसा घालून पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. म्हणजे की धरली की कॉम्प्युटरला पूर्ण जेवण, सोडली की उपास, आणि तो मरायचा. रिले (करंटवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीवरून वेगळी लाइन दिली, दहा मिनिटांत काम झालं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तेच म्हणत हुतो, वायरीतच खोट."

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे वुडवर्ड ड्रीम क्रूझ असतो. १९९५पासून चालू आहे, फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत अख्ख्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची वारी, लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात. आम्ही संध्याकाळी गेलो. गाडी सुरेख चालली होती. अंधार पडला, मी दिवे लावले, नवे हॅलोजन, आणि पाच मिनिटांत दिवे गेले. मग आले. मग गेले. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या बटणातून जातो, त्या बटणातच एक ब्रेकर आहे, तापला की तोडतो, गार झाला की जोडतो, आणि नव्या बल्बांनी त्याला चांगलाच तापवला. कडेच्या लोकांना वाटलं मी मुद्दाम करतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने थम्सअप दाखवला. मी हात केला. काय करणार.

सिग्नलला थांबलो. शेजारी एक खरी जीटीओ, पुढे कमारो, सगळीकडे धूर, रबर, गर्जना, आणि या सगळ्यात बायकोने काही न बोलता खिडकीचं हँडल फिरवून काच खाली घेतली.

घरी आल्यावर ती झोपली, मी टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये. डिकी उघडली, आत डोकं घातलं, नाक लावत लावत गेलो तर तो चार बोटांचा रबरी होज. वरून गुळगुळीत. खालून हात फिरवला तर भेगाच भेगा, मे महिन्यातल्या शेतासारख्या. आजकालच्या पेट्रोलमधलं दहा टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं म्हणतात. मी फक्त वरून दाबला होता.

नवा मागवला. अठरा डॉलर. आला त्या रात्री साडेअकराला गुपचूप बदलला, दोन क्लॅम्प, वीस मिनिटं, जुना तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या अगदी तळाशी घातला.

रविवारी सकाळी बायको गाडीत बसली. दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"गेला रे वास!"

"हो मग," मी म्हटलं, "इंजेक्शन आहे ते. कॉम्प्युटर शिकत असतो, सेटल व्हायला वेळ लागतो."

"अच्छा," म्हणून तिने सीटखाली हात घातला आणि एक छोटं रिकामं खोकं बाहेर काढलं. उजेडात धरून सावकाश लेबल वाचलं.

"फिलर नेक होज. हे फिलर नेक कुठे असतं रे, पुढे की मागे?"