मौन कुठल्या रकान्यात भरायचं?

मुलांच्या आधी शिक्षकांची शाळा भरते, हे पालकांना ठाऊक नसतं. मुलं जूनच्या मध्यावर येतात, आम्ही त्याच्या आठवडाभर आधी. या आठवड्यात इतर शाळांत कपाटं पुसतात, वेळापत्रक लावतात आणि सातवी ब कोणी घ्यायची यावरून भांडतात. आमची शाळा कॅथलिक सिस्टरांची. त्यामुळे हे सगळं उरकून वर आमचा विकासही करून घेतात. तो दोन प्रकारचा असतो. सकाळी व्यावसायिक, दुपारी आध्यात्मिक, मध्ये जेवण.

मी मराठी शिकवतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणजे लग्नघरातला आत्याचा नवरा. मान द्यावा लागतो, पण विचारत कोणी नाही. २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा आला, तेव्हापासून निदान खुर्ची पंख्याखाली मिळते.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सांगितलं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. खाली येता येता त्या संधीची सक्ती झाली. आता आमच्या स्टाफरूममध्ये ‘बरी आहेस ना?’ असं कोणी विचारत नाही, ‘तुझे किती झाले?’ असं विचारतात. माझा साडू अनुदानित शाळेत आहे. त्याला १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोन्हींच्या आधी प्रशिक्षण. तिथं प्रशिक्षणानं पगार तरी वाढतो. आमच्याकडे फक्त आम्ही वाढतो.

तर त्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे हॉलमध्ये विकसित व्हायला तयार होऊन बसलो. तज्ज्ञ यायचे होते. साडेनऊला त्यांचा फोन आला, ‘द्वारकेला अडकलोय.’ नाशिकमध्ये हे कारण सांगितल्यावर पुढे प्रश्न विचारत नाहीत. त्या चौकातून बाहेर पडायला खुद्द द्वारकाधीशालाही पाऊण तास लागला असता.

तज्ज्ञ आले, आणि लॅपटॉपची पिन आमच्या प्रोजेक्टरमध्ये जाईना. कॉम्प्युटरच्या मॅडम टेबलाखाली शिरल्या. त्या बाहेर येईपर्यंत वेळ वाया जायला नको, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक फुगा देण्यात आला. यात आपला अहंकार भरायचा आणि टाचणीनं फोडायचा. गणिताच्या मॅडमनी फुगा जेमतेम लिंबाएवढा फुगवला आणि म्हणाल्या, ‘माझा एवढाच आहे.’ पीटीच्या सरांनी स्वतःचा शाबूत ठेवून शेजारच्या चौघांचे फोडले. तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते कळलं नाही.

मग पडद्यावर एक ज्योत आली. ‘तुम्ही शिक्षक का झालात?’ आम्ही मान खाली घातली. वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलं जशी घालतात तशीच, आणि त्याच कारणासाठी. तज्ज्ञांनी नेमकं गणिताच्या मॅडमकडे बोट केलं.

‘बी.एड.चं कॉलेज घराजवळ होतं,’ मॅडम म्हणाल्या.

‘नाही, नाही. आतून. आतून काय वाटलं?’

‘आतून वाटलं की रिक्षाचे पैसे वाचतील.’

पुढचा दीड तास ऊर्जा, स्पंदनं, आतला दिवा आणि विश्वाचं आपल्यावर असलेलं लक्ष यावर गेला. आम्हाला रंगीत चिकट कागदांचे गठ्ठे दिले होते. त्यावर आपली भीती लिहून भिंतीवर लावायची होती. भिंत नुकतीच रंगवलेली असल्यामुळे सिस्टर प्रिन्सिपलनी नजरेनंच मनाई केली आणि भीती आमच्या खिशातच राहिली. शेवटी इतिहासाच्या सरांनी हात वर केला. ‘माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. वह्या तपासून होत नाहीत. काय करू?’

तज्ज्ञ प्रसन्न हसले. ‘फार सुंदर प्रश्न आहे, सर. आधी स्वतःशी कनेक्ट व्हा.’

जेवणात अर्ध्या स्टाफरूमचा उपवास होता, कारण त्या दिवशी वटपौर्णिमा होती. आमच्या शाळेत कॅथलिक शिक्षक बोटांवर मोजण्याइतके. बाकी आम्ही फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला रांग लावतो आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीलाही हात जोडतो. सिस्टरांना हे सगळं ठाऊक असतं. साबुदाण्याची खिचडी त्यांनी न सांगताच करायला लावली होती, आणि उपवास नसलेल्या सगळ्यांनी आधी तीच संपवली.

दुपारी फादर आले. मूळचे वसईकडचे, साठी उलटलेले, पायात चपला. प्रोजेक्टर नको म्हणाले. खडू मागितला. जूनमध्ये खडूचा डबा कुठे असतो हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तो विषय वेगळा.

त्यांनी इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. हा स्पॅनिश गडी लढाया आणि मानमरातब यांच्यामागे होता. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला. पडल्यापडल्या त्यानं शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्याच. होतं फक्त येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. दुसरं काही मिळेना म्हणून तेच वाचलं आणि माणूस बदलला. पुढे त्यानं सोबत्यांबरोबर जेझुइट संघ काढला. त्याला पोपची मान्यता १५४० ची.

‘म्हणजे,’ फादर म्हणाले, ‘दुसरं काही हाताशी नसलं की माणसाचं बरं होतं.’ आणि सिस्टरांनी मागून फुलांची परडी आणली. मोबाइल त्यात टाकायचे होते.

मी आयुष्यात बरेच निरोपसमारंभ पाहिले आहेत. इतका जड एकही नव्हता. विज्ञानाच्या मॅडमनी तर परडीत ठेवलेला फोन पुन्हा उचलून बंद केला, मग त्याला रुमालात गुंडाळलं.

इग्नेशियसची साधना मुळात ३० दिवसांची. आम्हाला तासभरच मौन होतं. भूगोलाच्या मॅडम कुजबुजल्या की त्यांना हे काहीच नाही, त्या इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आल्या आहेत. ते दहा दिवस त्या गप्प होत्या याचा तपशील आम्ही गेली काही वर्षं रोज ऐकतो आहोत.

फादरनी जाता जाता आणखी एक माहिती दिली. जॉन बॅप्टिस्ट द ला साल नावाचे एक फ्रेंच पाद्री होते, १६५१ ते १७१९. शिक्षकांचे पालक संत म्हणून १९५० मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं. त्यांच्या शाळांत मास्तरनं शक्य तितकं कमी बोलायचं असे. हातात एक छोटं लाकडी साधन, ते टकटक वाजवायचं आणि खुणेनं वर्ग चालवायचा. हे ऐकून आमच्या रांगेत भीतीची एक लहर गेली. मास्तरला पगार कमी द्या, वर्ग मोठा द्या, पण त्याचं बोलणं काढून घेऊ नका. मग उरतं काय?

मौन सुरू झालं. आम्ही आवारात पांगलो. पहिली दहा मिनिटं माझ्या डोक्यात गॅसचं बुकिंग, सातवी ब, आणि ‘आपण मौनात आहोत’ हे कुणाला तरी सांगायची अनावर ओढ. तेवढ्यात मांडीवर एक पिवळा चिकट कागद येऊन पडला. ‘चहाबरोबर काय आहे?’ पीटीच्या सरांचं अक्षर. मी खाली ‘समोसा’ लिहून पुढे सरकवला. पाच मिनिटांत सकाळचे सगळे कागद आवारभर फिरू लागले. आमच्या भीतीसाठी आणलेली सामग्री अखेर कामी आली. एक चिठ्ठी फादरांच्या हाती लागली. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि पुढे चालू लागले. वर्गात मीही हेच करतो. त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटली.

आवाराच्या कोपऱ्यात वडाचं झाड आहे. आमच्या मॅडम लोकांच्या पर्समध्ये सकाळपासून सूत होतं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार होणार. कॅथलिक शाळा, आध्यात्मिक सत्र, वर मौन. परवानगी मागायची कशी? गणिताच्या मॅडमनी सिस्टरांकडे पाहिलं, वडाकडे पाहिलं, पुन्हा सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर उठल्या, वडाला टेकवलेल्या स्कूटरकडे बोट केलं आणि पीटीच्या सरांना ती हलवायची खूण केली. मग सात फेरे झाले. सात जन्मांचे करार एकही शब्द न बोलता झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. घरी असं होत नाही.

तास संपल्यावर फादरनी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या. दिवस संपताना काय करायचं, तर: आभार माना. नीट दिसू दे म्हणून मागणं मागा. दिवस सकाळपासून आठवा. कुठं चुकलं ते बघा. उद्यासाठी एक गोष्ट ठरवा. इग्नेशियसच्या परंपरेतलं हे रोजचं आत्मपरीक्षण, पाव तासाचं. मी वहीत उतरवून घेतलं आणि लक्षात आलं की हे तर पाठटाचण आहे. उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन, गृहपाठ, सगळं जागच्या जागी. माझ्या स्वतःच्या टाचणात इतकी शिस्त नाही.

इतिहासाचे सर चिवट. त्यांनी साठ वह्यांचा प्रश्न पुन्हा काढला. फादर म्हणाले, ‘रोज दहाच तपासा. पण शेवटच्या बाकावरून सुरू करा.’ झालं. सकाळी मानधन घेणारा माणूस आम्हाला मोक्षाची वाट दाखवून गेला होता, आणि वह्या तपासायचं वेळापत्रक दिलं ते सर्वसंगपरित्याग केलेल्यानं. कुणाला कुठल्या सत्रात बोलवायचं याची यादी ऑफिसात उलटी टाइप झाली असावी.

प्रश्नोत्तरांत फादरनी १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणापत्राचा दाखला दिला. त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील असल्याचं म्हटलं आहे. एवढ्या वेळात पहिल्यांदा सगळ्यांनी पेनं काढली. हे वाक्य ओपन हाउसच्या दिवशी गेटवर लावता येईल का, असं तिघींनी विचारलं.

चहाला क्लार्क भाऊ त्या ५० तासांच्या नोंदीचे फॉर्म घेऊन आले. सकाळचं सत्र ‘अध्यापन कौशल्य’मध्ये बसलं. मौन कुठे बसेना. आध्यात्मिकला रकाना नव्हता. ‘वर्गव्यवस्थापन’ लिहा असं कोणीतरी सुचवलं, ते मान्य झालं. पीटीचे सर मौनात घोरत होते, तर तो तास धरायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली. ‘घोरणं हे बोलणं नव्हे,’ फादर म्हणाले, आणि सरांचा तास वाचला.

मग भाऊंनी खरा प्रश्न टाकला. ‘फोटो?’

पोर्टलवर पुरावा म्हणून फोटो लागतो. सकाळच्या फुग्यांचे चाळीसेक फोटो होते. मौनाचा एकही नव्हता, कारण सगळे कॅमेरे परडीत होते. सिस्टरांनी घड्याळ पाहिलं, फादरांकडे पाहिलं. फादर हसू दाबत स्वतःच खुर्चीत बसले. आम्ही पुन्हा आवारात गेलो, हातातले समोसे पाठीमागे धरले आणि मौनाला बसलो.

‘जरा जवळ जवळ बसा,’ भाऊ ओरडले, ‘आणि चेहरे शांत करा! मराठीचे सर, डोळे मिटा हो. नाहीतर तुमचा तास धरायचे नाहीत.’